वाचकांचे प्रश्न : एंडपॉइंट आधी डिव्हाइसला विचारा, मग कोड लिहा

मागच्या वेळी आपण लिनक्समधल्या यूएसबी ड्रायव्हरचा सांगाडा बघितला होता, प्रोब (डिव्हाइस सापडल्यावर कर्नल बोलावतो ते फंक्शन), डिसकनेक्ट (ते काढल्यावरचं) आणि आयडी टेबल (कुठल्या डिव्हाइसेसना हा ड्रायव्हर लागतो ती यादी) एवढंच. त्यानंतर जी पत्रं आली त्यातली निम्म्याहून जास्त एंडपॉइंटवर, म्हणजे डिव्हाइसमधल्या ज्या टोकाशी डेटाची देवाणघेवाण होते त्यावर, अडकलेली आहेत. प्रश्न वेगवेगळे दिसतात पण मूळ बहुतेकदा एकच निघतं, एंडपॉइंट कसा आहे हे लिहिणाऱ्याने मनाशी ठरवून टाकलेलं असतं आणि डिव्हाइस वेगळंच सांगत असतं. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : ताई, मी फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी एका सेन्सर बोर्डाचा ड्रायव्हर लिहितेय. प्रोब कॉल होतो, डिव्हाइस सापडतं, पण यूआरबी, म्हणजे डेटा मागायची किंवा पाठवायची विनंती, सबमिट केला की कर्नलच्या लॉगमध्ये मोठी वॉर्निंग येते, "बोगस यूआरबी एक्सफर, पाइप ३ != टाइप १". मी स्पेसिफिकेशन उघडून बघितलं तर टाइप १ म्हणजे आयसोक्रोनस. पण बोर्डाच्या कागदात तर इंटरप्ट लिहिलंय! बोर्ड खोटं बोलतंय का कर्नल? कोडमध्ये मी यूएसबी_आरसीव्हीबल्कपाइप वापरलंय, एंडपॉइंट नंबर १. — इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी

उत्तर : दोघंही खरं बोलतायत, फक्त दोघांचे आकडे वेगळे आहेत. आणि यात खूप जण फसतात म्हणून जरा सावकाश सांगते.

डिस्क्रिप्टरमध्ये, म्हणजे डिव्हाइस स्वतःबद्दल जे सांगतं त्यात, ट्रान्सफरचा प्रकार चौथ्या बाइटच्या खालच्या दोन बिटांत असतो आणि तिथे कंट्रोल (आज्ञा आणि सेटिंगसाठी) म्हणजे ०, आयसोक्रोनस (ठरल्या वेळेला सतत वाहणारा डेटा) १, बल्क (मोठा डेटा, वेळेची हमी नाही) २, इंटरप्ट (थोडा डेटा, ठराविक अंतराने) ३. लिनक्स कर्नलच्या आत मात्र पाइपचा, म्हणजे एंडपॉइंटकडे जाणाऱ्या वाटेचा, आकडा वेगळ्या क्रमाने लावलेला आहे, तिथे आयसोक्रोनस ०, इंटरप्ट १, कंट्रोल २ आणि बल्क ३. ही वॉर्निंग दोन्ही आकडे कर्नलच्या क्रमाने छापते. म्हणजे "पाइप ३" याचा अर्थ तू बल्क पाइप बनवलास, आणि "टाइप १" याचा अर्थ डिव्हाइसचा एंडपॉइंट इंटरप्ट आहे. बोर्डाचा कागद बरोबर, कर्नलही बरोबर, चुकीचा आहे तो तुझ्या कोडमधला बल्क हा शब्द. यूएसबी_आरसीव्हीइंटपाइप कर आणि यूआरबी भरताना बल्कच्या जागी यूएसबी_फिल_इंट_यूआरबी वापर, वॉर्निंग जाईल.

पण एवढं करून थांबू नकोस. तो १ नंबर आणि तो प्रकार कोडमध्ये हाताने लिहावाच का लागला, खरा विषय तिथे आहे. तुझ्या बोर्डाने पाठवलेला एंडपॉइंट डिस्क्रिप्टर साधारण असा असेल बघ, सात बाइट, हेक्समध्ये :

०७ ०५ ८१ ०३ १० ०० ०४

पहिला ०७ म्हणजे लांबी सात बाइट. दुसरा ०५ म्हणजे हा एंडपॉइंट डिस्क्रिप्टर आहे. तिसरा ८१ हा पत्ता, यातला सगळ्यात वरचा बिट म्हणजे सातवा बिट १ असेल तर दिशा इन, आणि खालचे चार बिट म्हणजे नंबर, इथे १. चौथा ०३ म्हणजे इंटरप्ट. पुढचे दोन १० ०० म्हणजे पॅकेटचा जास्तीत जास्त आकार, लहान बाइट आधी येतो म्हणून हेक्स १०, म्हणजे १६ बाइट. शेवटचा ०४ म्हणजे इंटरव्हल, डिव्हाइसला किती वेळाने विचारायचं ते, त्याबद्दल खाली एका पत्रात सविस्तर आलंय. झालं, एवढंच आहे, एंडपॉइंटचं अख्खं आयुष्य या सात बाइटात मावतं, आणि कर्नल हे सगळं तुझ्यासाठी आधीच वाचून स्ट्रक्चरमध्ये ठेवतो, तुला प्रोबमध्ये फक्त ते उघडून बघायचंय.

दिशेचं एक लक्षात ठेव, इन आणि आउट हे नेहमी होस्टच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या, बाजूने मोजतात. सेन्सरकडून कॉम्प्युटरकडे येणारा डेटा म्हणजे इन, मग तू डिव्हाइसच्या आतला फर्मवेअर लिहीत असलीस तरीही. आणि इन १ आणि आउट १ हे दोन वेगळे एंडपॉइंट आहेत, पत्ते हेक्स ८१ आणि ०१, नंबर सारखा म्हणून एकच समजू नकोस. अपवाद फक्त एंडपॉइंट शून्याचा, तो कंट्रोलचा, दोन्ही दिशांनी चालतो, प्रत्येक डिव्हाइसमध्ये असतोच आणि त्याचा वेगळा एंडपॉइंट डिस्क्रिप्टर नसतो. इंटरफेस (डिव्हाइसमधला एका कामाचा भाग) डिस्क्रिप्टरमध्ये एंडपॉइंटची जी संख्या दिलेली असते त्यातही तो धरत नाहीत.

आता प्रोबमध्ये काय लिहायचं. लिनक्समध्ये यूएसबी_फाइंड_कॉमन_एंडपॉइंट्स नावाचं फंक्शन आहे, त्याला चालू ऑल्टसेटिंग (इंटरफेसचा आत्ता निवडलेला एंडपॉइंटचा संच) द्यायचं आणि बल्क इन, बल्क आउट, इंटरप्ट इन, इंटरप्ट आउट या चारपैकी जे हवेत त्यांचे पॉइंटर द्यायचे, नकोत तिथे नल. तू मागितलेले सगळे सापडले तर शून्य परत येतं, एखादा जरी नसला तर एरर येते आणि मग तू पण प्रोबमधून तीच एरर परत करून बाहेर पडायचं, पुढे काहीही करायचं नाही. तुझ्या केसमध्ये फक्त इंटरप्ट इन मागायचा. मिळालेल्या डिस्क्रिप्टरमधूनच पत्ता, पॅकेटचा आकार आणि इंटरव्हल घ्यायचा. कोडमध्ये १ हा आकडा कुठेच दिसायला नको.

ऑल्टसेटिंग देताना इंटरफेसच्या कर_ऑल्टसेटिंग या फील्डमधूनच दे, ऑल्टसेटिंग नावाच्या अ‍ॅरेचा शून्यावा घटक उचलू नकोस. त्या अ‍ॅरेत क्रमाची हमी नाही, शून्याव्या जागी शून्य नंबरचीच सेटिंग असेल असं धरून चालता येत नाही.

हे मी इतकं कळकळीने सांगतेय कारण स्वतः भोगलंय. एका डेटा गोळा करणाऱ्या यंत्राचा ड्रायव्हर मी लिहिला होता आणि त्यात बल्क इनचा पत्ता हेक्स ८२ सरळ टाकून दिला होता, कारण टेबलावरच्या सगळ्या यंत्रांत तो तसाच होता. काही महिन्यांनी नव्या लॉटमधली यंत्रं आली, फर्मवेअरमध्ये एक जादाचा इंटरप्ट एंडपॉइंट घातला होता आणि बल्क सरकून ८३ वर गेला होता. ड्रायव्हर लोड व्हायचा, एरर स्पष्ट काही नाही, डेटा येत नाही, आणि दोन दिवस मी केबल बदलत बसले. शेवटी एलएसयूएसबी, म्हणजे जोडलेल्या डिव्हाइसची माहिती छापणारी कमांड, व्हर्बोज ऑप्शन देऊन चालवली आणि तिसऱ्या मिनिटाला ८३ समोर दिसला. ती कमांड मी पहिल्या तासात चालवायला हवी होती, आता नवीन डिव्हाइस हातात आलं की सगळ्यात आधी तेच करते.

एक मोठी गोष्ट अजून. तुझा ड्रायव्हर व्हेंडर आयडी आणि प्रॉडक्ट आयडी बघून जोडला जातो, पण ते दोन आकडे कोणीही कुठल्याही डिव्हाइसमध्ये टाकू शकतं. म्हणजे मुद्दाम खोटं डिव्हाइस बनवून, एकही एंडपॉइंट नसलेला इंटरफेस दाखवून कोणी ते पोर्टला लावलं, आणि तुझा कोड न बघता एंडपॉइंट अ‍ॅरेचा पहिला घटक वाचायला गेला, तर तिथे नल पॉइंटर असतो आणि कर्नल तिथेच कोसळतो. सिझकॉलर नावाच्या फझरने, म्हणजे मुद्दाम वेडावाकडा इनपुट देऊन बग शोधणाऱ्या प्रोग्रामने, नेमकी अशीच खोटी डिव्हाइसेस दाखवून लिनक्सच्या जुन्या यूएसबी ड्रायव्हर्समधले ढीगभर बग बाहेर काढले, आणि त्यातल्या कितीतरी ठिकाणी दुरुस्ती एवढीच होती की प्रोबमध्ये एंडपॉइंट आहे का आणि हव्या त्या प्रकारचा आहे का हे तपासा. चार ओळींचं काम आहे, टाळू नकोस.

प्रश्न : वरच्यासारखंच, पण माझ्या डिव्हाइसला दोन बल्क इन आहेत, एक डेटाचा, एक लॉगचा. फाइंड कॉमनने कुठला मिळेल? — एक वाचक

उत्तर : डिस्क्रिप्टरमध्ये जो आधी येतो तो. उलट बाजूने शोधणारं रिव्हर्सवालं फंक्शनपण आहे, पण दोन सारखे असतील तर मी त्याच्या भरवशावर राहणार नाही. इथे पत्त्याने ओळखणं भागच आहे, तर ते पत्ते एका ठिकाणी लिहा आणि यूएसबी_चेक_बल्क_एंडपॉइंट्स ला पत्त्यांची यादी शेवटी शून्य टाकून द्या, ते सगळे खरंच आहेत आणि बल्कच आहेत हे ते बघून देतं. आयसोक्रोनस हवा असेल तर मात्र स्वतः लूप फिरवावा लागतो, फाइंड कॉमन त्याला हात लावत नाही.

प्रश्न : नमस्कार, डिव्हाइस मला २० बाइटचं रेकॉर्ड पाठवतं म्हणून मी २० बाइटचा बफर दिला आणि बल्क इन यूआरबी टाकला. बहुतेक वेळा चालतं, पण मध्येच स्टेटस मायनस ७५ येतो आणि तो डेटा गेला तो गेलाच. जुन्या हबमधून लावलं तर कमी वेळा येतो, थेट लावलं तर जास्त वेळा. हार्डवेअर खराब आहे का? — पहिलीच नोकरी करणारा एक डेव्हलपर

उत्तर : हार्डवेअर ठणठणीत आहे हो, बफर छोटा आहे.

मायनस ७५ म्हणजे ई-ओव्हरफ्लो. होस्ट कंट्रोलर, म्हणजे कॉम्प्युटरमधली यूएसबी सांभाळणारी चिप, इन एंडपॉइंटकडे पॅकेट मागतो तेव्हा किती बाइट हवेत हे तो डिव्हाइसला सांगत नसतो, तो फक्त "दे" म्हणतो, आणि डिव्हाइस त्याच्या कमाल पॅकेट आकारापर्यंत काहीही पाठवू शकतं. तुमच्या डिव्हाइसकडे दोन रेकॉर्ड साठलेली असली की ते ४० बाइट एकाच पॅकेटमध्ये कोंबून पाठवतं, तुमच्या बफरमध्ये जागा २० ची, उरलेल्या बाइटांचं करायचं काय? कंट्रोलर त्याला बॅबल म्हणतो आणि ट्रान्सफर तोडतो. हबचं कोडं पण यातच सुटतं. जुना हब बहुधा फुल स्पीडचा आहे (यूएसबीचे वेग लो, फुल, हाय, सुपर असे चढत जातात), तिथे बल्क पॅकेट जास्तीत जास्त ६४ बाइटचं, म्हणजे २० ची तीनच रेकॉर्ड मावतात. थेट लावलं की डिव्हाइस हाय स्पीडला जातं आणि हाय स्पीडमध्ये बल्कचा आकार ५१२ असतो, त्यात दुसरी कुठलीच निवड स्पेसिफिकेशन देत नाही. सुपर स्पीडला तोच १०२४ होतो. फुल स्पीडला मात्र ८, १६, ३२, ६४ असे चार पर्याय आहेत. एकच डिव्हाइस, एकच एंडपॉइंट, स्पीड बदलला की आकडा बदलतो, म्हणून ६४ किंवा ५१२ हातानं लिहायचं नाही, यूएसबी_एंडपॉइंट_मॅक्सपी ने विचारायचं आणि बफर त्याच्या पटीतच घ्यायचा. डिव्हाइसने कमी डेटा पाठवला तर काही बिघडत नाही, कमाल आकारापेक्षा छोटं पॅकेट आलं की ट्रान्सफर तिथे पूर्ण झाली असं धरलं जातं आणि खरोखर किती आले ते अ‍ॅक्च्युअल लेंग्थमध्ये मिळतं, त्यातून २०-२० ची रेकॉर्ड तुम्हीच सोडवायची.

काही डिव्हाइसेस हाय स्पीडला असूनही ६४ सांगतात, फर्मवेअरवाल्याने फुल स्पीडचा डिस्क्रिप्टर तसाच उचलून ठेवलेला असतो. लिनक्स तेव्हा "बल्क एंडपॉइंट हॅज इनव्हॅलिड मॅक्सपॅकेट" अशी तक्रार लॉगमध्ये लिहितो. ती ओळ दिसली तर ड्रायव्हरमध्ये जुगाड करू नका, फर्मवेअर दुरुस्त करून घ्या, कारण काही होस्ट कंट्रोलर असं डिव्हाइस सांभाळूच शकत नाहीत.

तुमच्या कोडचा तुकडा पत्रात होता त्यात बफर फंक्शनच्या आतच, स्टॅकवर घेतलाय. तो के-मॅलॉकने, म्हणजे कर्नलकडून वेगळी मेमरी मागून, घ्या. हा बफर डीएमएसाठी, म्हणजे कंट्रोलरने प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरी वाचण्या-लिहिण्यासाठी, जातो, स्टॅकवरची मेमरी त्याला चालत नाही, आणि कंट्रोल मेसेजच्या दोन बाइटच्या बफरलासुद्धा हाच नियम. आणि पुढे कधी आउट दिशेने पाठवाल तेव्हा डेटा नेमका ५१२ च्या पटीत भरला तर समोरच्याला कळत नाही की संपलं का अजून येतंय, तिथे डिव्हाइसचा प्रोटोकॉल मागत असेल तर यूआरबीवर झीरो पॅकेटचा फ्लॅग लावा, म्हणजे मागून एक रिकामं पॅकेट जातं.

प्रश्न : ताई, इंटरप्ट एंडपॉइंटचा बी-इंटरव्हल ८ आहे, म्हणजे दर ८ मिलिसेकंदाला पोल (डेटा आहे का अशी विचारणा) व्हायला हवं ना? मला तर १६ मिलिसेकंदाला मिळतंय. — एक वाचक

उत्तर : तुमचं डिव्हाइस हाय स्पीडला चालतंय. लो आणि फुल स्पीडच्या इंटरप्टला तो आकडा सरळ मिलिसेकंद असतो, पण हाय स्पीडपासून पुढे तो घातांक होतो, दोनाचा (इंटरव्हल वजा एक) वा घात गुणिले १२५ मायक्रोसेकंद. ८ असेल तर दोनाचा सातवा घात १२८, गुणिले १२५, म्हणजे १६ मिलिसेकंद. ८ हवे असतील तर डिव्हाइसने ७ सांगायला हवं. वर विद्यार्थिनीच्या डिस्क्रिप्टरमध्ये ०४ होता, तो फुल स्पीडला ४ मिलिसेकंद आणि हाय स्पीडला १ मिलिसेकंद.

यूएसबी_फिल_इंट_यूआरबी ला डिस्क्रिप्टरमधला आकडा जसाच्या तसा द्या, घातांकाचं गणित ते फंक्शन स्पीड बघून स्वतः करतं, तुम्ही आधीच करून दिलंत तर ते दोनदा होतं. आणि फुल स्पीडला १० मागून ८ मिळालं तर घाबरू नका, एक्सएचसीआय या नव्या जातीच्या कंट्रोलरला दोनाच्या घातातच पोल करता येतं म्हणून कर्नल खालच्या घाताला उतरवतो. मागितल्यापेक्षा लवकर पोल होणं चालतं.

प्रश्न : व्हिडिओ पकडणारं डिव्हाइस आहे, आयसोक्रोनस एंडपॉइंट. यूआरबी सबमिट केला की मायनस २ येतो, एंडपॉइंट तर एलएसयूएसबीमध्ये चक्क दिसतोय! मग कुठेतरी वाचून यूएसबी_सेट_इंटरफेस टाकलं आणि सगळ्यात मोठी सेटिंग निवडली तर एका मशीनवर चाललं, दुसऱ्यावर, जिथे आधीच एक कॅमेरा लावलाय तिथे, मायनस २८. आणि पॅकेटचा आकार ५१२० दिसतोय, हा आकडा कुठून आला तेही कळत नाही. — वैतागलेला वाचक

उत्तर : वैतागू नका, तुम्ही योग्य रस्त्यावर आहात, आणि या पत्रातला प्रत्येक आकडा काहीतरी नेमकं सांगतोय.

आधी मायनस २. एका इंटरफेसला अनेक ऑल्टरनेट सेटिंग असू शकतात आणि प्रत्येकीत एंडपॉइंटचा वेगळा संच. एलएसयूएसबी सगळ्या सेटिंग छापतं, पण एका वेळी चालू असते ती एकच, आणि डिव्हाइस लावल्यावर ती शून्य नंबरची असते. आयसोक्रोनसवाल्या डिव्हाइसला शून्य नंबरच्या सेटिंगमध्ये बँडविड्थ अडवून ठेवायची परवानगी नाही, म्हणून तिथे तो एंडपॉइंट नसतोच किंवा शून्य आकाराचा असतो. तुम्ही यूआरबी टाकलात तेव्हा कर्नलने चालू सेटिंगमध्ये तो पत्ता शोधला, सापडला नाही, ई-नोएंट म्हणजे मायनस २ परत आला. छापलेल्या यादीत असणं आणि आत्ता चालू असणं यातला हा फरक आहे.

आता ५१२०. पॅकेट आकाराच्या १६ बिटांपैकी खालचे ११ बिट म्हणजे खरा आकार, आणि हाय स्पीडच्या आयसोक्रोनस व इंटरप्टमध्ये त्यावरचे दोन बिट सांगतात की एका मायक्रोफ्रेममध्ये (१२५ मायक्रोसेकंदाच्या तुकड्यात) जादा किती वेळा पॅकेट जाईल. ५१२० म्हणजे १०२४ अधिक ४०९६, म्हणजे आकार १०२४ आणि वर दोन जादा वेळा, एकूण तीन. १०२४ गुणिले ३ म्हणजे ३०७२ बाइट दर १२५ मायक्रोसेकंदाला, सेकंदाला ८००० मायक्रोफ्रेम धरले तर सुमारे २४.६ मेगाबाइट. तुम्ही तो फील्ड कच्चा वाचलात म्हणून ५१२० दिसला. मॅक्सपी आणि मॅक्सपी_मल्ट अशी दोन फंक्शन्स आहेत, दोघांचा गुणाकार करा.

आणि म्हणूनच मायनस २८, ई-नोस्पेस. डिस्क भरलेली नाही, बसवरची वेळ भरली आहे. हाय स्पीडवर आयसोक्रोनस आणि इंटरप्ट मिळून मायक्रोफ्रेमच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ घेऊ शकत नाहीत, फुल स्पीडला ही मर्यादा फ्रेमच्या, म्हणजे एक मिलिसेकंदाच्या तुकड्याच्या, ९० टक्के आहे. पहिल्या कॅमेऱ्याने त्याचा वाटा उचलला आणि तुम्ही सगळ्यात मोठी सेटिंग मागितलीत, ती मावली नाही. गरज किती आहे ते मोजा. समजा ६४० गुणिले ४८० चं चित्र, दर पिक्सेलला दोन बाइट, म्हणजे व्हिडिओच्या एका फ्रेमला ६,१४,४०० बाइट, सेकंदाला ३० फ्रेम धरले तर १,८४,३२,००० बाइट, भागिले ८००० म्हणजे दर मायक्रोफ्रेमला २३०४ बाइट आणि वर प्रोटोकॉलचे हेडर. मग ज्या सेटिंगमध्ये हे जेमतेम मावतंय ती सगळ्यात लहान सेटिंग निवडायची, सगळ्यात मोठी नाही. फ्रेम रेट १५ चालत असेल तर गरज निम्मी. ड्रायव्हरने लहानापासून मोठ्याकडे जात योग्य सेटिंग शोधावी आणि जागा नसेल तर वापरणाऱ्याला तसं स्पष्ट सांगावं, गुपचूप काळी स्क्रीन दाखवू नये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

ही एरर कुठे येईल हेही मशीनवर अवलंबून आहे. एक्सएचसीआय कंट्रोलरवर सेटिंग बदलतानाच बँडविड्थ राखली जाते म्हणून यूएसबी_सेट_इंटरफेसच फेल होतो, जुन्या ईएचसीआयवर यूआरबी सबमिट करताना कळतं. दोन्ही ठिकाणी रिटर्न व्हॅल्यू तपासा. सेट_इंटरफेस झोपू शकतं, म्हणजे वाट बघत थांबू शकतं, ते इंटरप्टच्या संदर्भात बोलवायचं नाही, आणि ते बोलवायच्या आधी त्या इंटरफेसचे सगळे यूआरबी मारून टाका. सेटिंग बदलल्यावर एंडपॉइंटचे जुने पॉइंटर विसरायचे आणि कर_ऑल्टसेटिंगमधून पुन्हा शोधायचे. व्हिडिओ थांबवला की परत शून्य सेटिंगवर या, नाहीतर तुम्ही काही पाठवत नसताना पण दुसऱ्याची जागा अडवून बसता.

प्रश्न : मी उलट्या बाजूला आहे, लिनक्स बोर्डालाच यूएसबी डिव्हाइस बनवतोय, गॅजेट फंक्शन लिहितोय. फुल स्पीडला चालतं. हाय स्पीडला होस्ट डिव्हाइस ओळखतो पण डेटा काही जात नाही. — एम्बेडेडमधला वाचक

उत्तर : तुमचे फुल आणि हाय स्पीडचे डिस्क्रिप्टर दोन वेगळे आहेत आणि पत्ता फक्त पहिल्यातच आहे, माझा अंदाज खात्रीच्या जवळ आहे. गॅजेटच्या बाजूला आपण फक्त दिशा आणि प्रकार सांगायचा, नंबर यूएसबी_ईपी_ऑटोकॉन्फिग ठरवतं, कारण कुठल्या कंट्रोलरमध्ये किती एंडपॉइंट आणि कुठला कशासाठी चालतो हे त्यालाच माहीत. ते फुल स्पीडच्या डिस्क्रिप्टरमध्ये पत्ता भरून देतं. मग तो पत्ता हाय स्पीडच्या आणि असेल तर सुपर स्पीडच्या डिस्क्रिप्टरमध्ये तुम्ही स्वतः कॉपी करायचा. तो राहिला की होस्टला नंबर नसलेला एंडपॉइंट दिसतो. हाय स्पीडच्या बल्कला आकार ५१२ द्यायचा आणि तोसुद्धा सीपीयू_टू_एलई१६ मधून, ते लहान बाइट आधी लावतं. लिटल एंडियन बोर्डावर (जिथे मेमरीत लहान बाइट आधीच असतो) ते न लावताही चालतं म्हणून विसरलं जातं, आणि बिग एंडियन बोर्डावर तोच ५१२ होस्टला २ दिसतो, कारण दोन बाइट उलटे जातात. सुपर स्पीडला प्रत्येक एंडपॉइंटमागे सहा बाइटचा कंपॅनियन डिस्क्रिप्टरपण लागतो.

ऑटोकॉन्फिगने नल दिलं तर बोर्डावरचे जुळणारे एंडपॉइंट संपले, बाइंड तिथेच सोडून द्या. आणि सेट_ऑल्ट मध्ये (होस्टने सेटिंग निवडली की हे चालतं) क्रम असा ठेवा, एंडपॉइंट आधीच चालू असेल तर डिसेबल, मग कॉन्फिग_ईपी_बाय_स्पीड, मग यूएसबी_ईपी_एनेबल. होस्ट हीच सेटिंग दुसऱ्यांदा पण पाठवू शकतो, म्हणून ते डिसेबल महत्त्वाचं.

प्रश्न : यूआरबीच्या कंप्लीशनमध्ये (तो पूर्ण झाल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) मायनस ३२ आला की मी यूएसबी_क्लिअर_हॉल्ट करून परत सबमिट करतो, तर कर्नल "शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक" ओरडतो. आणि केबल काढली की लॉग भरभरून वाहतो. — एक वाचक

उत्तर : मायनस ३२ म्हणजे स्टॉल, डिव्हाइसने एंडपॉइंट स्वतःहून बंद केलाय. क्लिअर_हॉल्ट आतून कंट्रोल मेसेज पाठवतं आणि उत्तर येईपर्यंत झोपतं, आणि कंप्लीशन हँडलरमध्ये झोपायला बंदी आहे. तिथे फक्त वर्कक्यूला, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या रांगेला, काम लावा आणि परत या. वर्कक्यूमध्ये आधी त्या एंडपॉइंटचे उरलेले यूआरबी मारा, मग क्लिअर_हॉल्ट, मग नव्याने सबमिट. कंप्लीशनमधूनच सबमिट करायचं असेल अशा नेहमीच्या वेळी जीएफपी_अ‍ॅटॉमिक (न झोपता मेमरी घ्यायला सांगणारा फ्लॅग) द्यायला विसरू नका.

आणि "कशाला विचार करा, प्रत्येक वेळी आधी क्लिअर_हॉल्ट मारून टाकू" असं मात्र करू नका. बल्क आणि इंटरप्टची पॅकेटं डेटा० आणि डेटा१ अशी आलटून पालटून जातात, आणि क्लिअर_हॉल्टने दोन्ही बाजूंचा हा टॉगल शून्यावर यायला हवा. फर्मवेअर कच्चं असेल आणि त्याने स्टॉल नसताना स्वतःचा टॉगल शून्यावर आणला नाही, तर दोन बाजू एका पावलाने चुकतात. मग घेणारा पुढचं पॅकेट जुनंच परत आलं असं समजून पोच देतो आणि टाकून देतो, पाठवणाऱ्याला वाटतं पोचलं. एरर नाही, वॉर्निंग नाही, पहिलं पॅकेट मात्र गायब. अशी चूक शोधायला यूएसबीमॉन, म्हणजे यूएसबीवरची रहदारी टिपणारं साधन, लागतं आणि बऱ्याचदा तेही पुरत नाही.

केबल काढल्यावरचा पूर यामुळे येतो की तुम्ही कुठलीही एरर आली तरी परत सबमिट करताय. मायनस २, मायनस १०४ आणि मायनस १०८ आले की ते यूआरबी मुद्दाम थांबवलेत किंवा डिव्हाइस गेलंय, सरळ रिटर्न करा. मायनस ७१ आणि मायनस ८४ हे वायरवरचे दोष, केबल उपसताना डिसकनेक्ट कळायच्या आधी थोडा वेळ तेच येत राहतात, म्हणून त्यांच्यासाठी मोजदाद ठेवा, सलग काही वेळा आले की थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करा, लगेच नाही. आणि डिसकनेक्टमध्ये आधी वर्कक्यूचं काम रद्द, मग यूएसबी_किल_यूआरबी, मग बफर मोकळा, या क्रमाने जा. उलटं केलंत तर मोकळ्या केलेल्या मेमरीत कंट्रोलर अजून लिहीत असू शकतो. फक्त एक बघा, रद्द केल्यावर कंप्लीशनने ते काम परत लावायला नको, त्यासाठी डिसकनेक्टच्या सुरुवातीलाच एक फ्लॅग लावून ठेवा आणि कंप्लीशनमध्ये काम लावण्याआधी तो तपासा.